पडद्यामागे कोण?

‘पडद्यामागच्या गमतीजमती’ वाचायला कोणाला आवडत नाही? उद्या एम-थ्रीचा पेपर असला तरी रात्री दीड वाजता आपल्याला हे माहीत करून घ्यायचंच असतं की अमुक सिनेमातला पाऊस खरा होता की टँकरचा! मी तर या बाबतीत पक्की पेशंट आहे. सिनेमा नंतर बघते, आधी त्याच्या शूटिंगच्या भानगडी वाचते. आमच्या फ्लोअरवर मला ‘ट्रिव्हियाताई’ म्हणतात. म्हणोत बापडे!

पण या नादातून मला एक सवय लागली. कुठलाही जोक ऐकला की डोक्यात पहिला प्रश्न येतो, हा लिहिला कोणी? स्टेजवर कोण उभं आहे ते तर सगळ्यांनाच दिसतं. पडद्यामागे कोण बसलं होतं? यंदाच्या गॅदरिंगच्या स्किटसाठी नावं द्या, अशी नोटीस बोर्डावर लागली आहे. म्हणून म्हटलं, आधी तीन गोष्टींच्या पडद्यामागे डोकावू या आणि मग आपल्या स्टेजकडे येऊ या. एक अमेरिकन सिरियल, एक मराठी नाटक आणि एक मराठी सिनेमा. तिन्हींत शाळा-कॉलेज आहे, तिन्हींत ‘आपण’ आणि ‘ते’ आहेत.

विनोदी मासिकच व्हिलन!

‘डिअर व्हाइट पीपल’ ही नेटफ्लिक्सवरची सिरियल. 2017 ते 2021 या काळात तिचे चार सीझन आले. विंचेस्टर नावाची एक बडी (आणि पूर्ण काल्पनिक) युनिव्हर्सिटी आहे. बहुतेक मुलं गोरी, मूठभर कृष्णवर्णीय. त्यातली सॅम नावाची मुलगी कॉलेजच्या रेडिओवर कार्यक्रम करते आणि ‘प्रिय गोऱ्या लोकांनो…’ म्हणून गोड आवाजात एकेक टोमणा हाणते. कॉलेजमध्ये ‘पास्टिश’ नावाचं एक विनोदी मासिक असतं. त्याची मंडळी एक पार्टी ठेवतात, ज्यात गोरी पोरं तोंडाला काळं फासून ‘त्यांची’ नक्कल करत नाचतात. थोडक्यात, व्हिलन कोण? तर कॉलेजचं विनोदी मासिक! संपादक मंडळाने कृपया मनावर घेऊ नये.

आता पडद्यामागे चला. सिरियलच्या आधी याच नावाचा सिनेमा आला होता, 2014 मध्ये. लेखक-दिग्दर्शक जस्टिन सिमियन. तो स्वतः कॅलिफोर्नियातल्या चॅपमन युनिव्हर्सिटीत शिकला. तिथे त्याच्यासारखी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्याने पहिला मसुदा लिहिला तेव्हा त्याचं नाव होतं ‘2 टक्के’. का, ते सांगायला नको. खिशात पैसे नव्हते. मग त्याने 2012 मध्ये एक छोटा ट्रेलर बनवून इंटरनेटवर लोकांकडे वर्गणी मागितली. मागितले 25 हजार डॉलर, जमले 40 हजारांच्या वर! (आपण गणपतीची वर्गणी मागतो तेव्हा इतकं कधी जमतं का?)

आणि सगळ्यात भारी गोष्ट ही, की तोंडाला काळं फासायच्या त्या पार्टीचा सीन सिमियनने मध्येच काढून टाकला होता. त्याला वाटलं, हे फारच होतंय, लोक म्हणतील असं कुठे असतं का! आणि 2010 मध्ये सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी खरोखरच कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी पार्टी ठेवली. सीन परत आत आला. सिनेमाच्या शेवटी नावं वर सरकत असताना अशाच खऱ्या पार्ट्यांचे खरे फोटो दाखवले आहेत. तुम्ही हसत हसत उठायच्या बेतात असता आणि हसू घशातच अडकतं.

सिरियलमधला बराच मसाला मी सांगत नाही, तुम्हीच बघा. फक्त पहिल्या सीझनचा पाचवा भाग चुकवू नका. तो बॅरी जेंकिन्सने दिग्दर्शित केलाय. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या ‘मूनलाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. एका पार्टीत गाण्यातल्या एका शब्दावरून दोन मित्रांत वाद होतो, कॅम्पसचे पोलीस येतात, आणि सगळ्यांतून नेमक्या कृष्णवर्णीय पोराकडे आयकार्ड मागतात. नुसतं मागत नाहीत, त्याच्यावर पिस्तूल रोखून मागतात. आतापर्यंत खी खी करणारे आपण एकदम गप्प!

आणि हो, 2017 मध्ये या सिरियलची एक छोटीशी झलक आली तेव्हाच लोकांनी डिसलाइकचा पाऊस पाडला, नेटफ्लिक्स बंद करा म्हणून मोहीम काढली. एकही भाग न बघता! उचलली जीभ लावली टाळ्याला, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

दोन शब्द आणि एक कोलांटी

‘हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे कुठे काळे-गोरे आहेत?’ असं म्हणणाऱ्यांसाठी आता घरचा माल. विजय तेंडुलकरांचं ‘पाहिजे जातीचे’, साल 1976. महिपत बभ्रुवाहन नावाचा खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीतला तरुण थर्ड क्लासात एम. ए. होतो. नोकरीसाठी वणवण करतो, सगळीकडून नकार. शेवटी एका खेड्यातल्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून चिकटतो. का? तर त्या जागेसाठी दुसऱ्या कोणाचा अर्जच आलेला नसतो! मग वर्गातली टगी पोरं, संस्थेचे चेअरमन, चेअरमनची भाची… पुढचं समजून घ्या. नोकरी जाते.

मला हे नाटक माहीत झालं ते त्याच्या नावामुळे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे आनंदच, पण मराठीच्या मॅडमनी हे समजावलं तेव्हा मी अक्षरशः उडालेच. ‘पाहिजे जातीचे’ हे शब्द तुकोबांच्या अभंगातले. तिथे ‘जातीचे’ म्हणजे अस्सल, खऱ्या दमाचे. हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही, असा त्याचा भाव. तेंडुलकरांनी एक अक्षरही न बदलता ते शब्द उचलून नोकरीच्या जाहिरातीवर चिकटवले आणि अर्थच उलटा झाला. पुढे वसंत देवांनी नाटक हिंदीत नेलं, तिथेही हीच गंमत. कबीर सांगून गेला, साधूची जात विचारू नका. हिंदी नाटकाचं नाव काय? ‘जात ही पूछो साधु की’! म्हणजे जातच विचारा. दोन भाषा, दोन संत आणि दोन्हीकडे एकच कोलांटी.

आणखी गंमत म्हणजे कॉलेजच्या कारभाराची अशी सालटी काढणारे तेंडुलकर स्वतः कॉलेजात गेलेच नाहीत. 1942 च्या चळवळीत, चौदाव्या वर्षी त्यांची शाळाच सुटली. आणि या नाटकात काम केलेल्या नटांमधलं एक नाव आज सगळ्यांना माहीत आहे, मुरुड-जंजिऱ्याहून आलेले नाना पाटेकर.

तेंडुलकर मोठेच. पण माझी सवय गप्प बसू देत नाही. महिपतला हसायचं की महिपतबरोबर हसायचं? नाटक वाचताना मला दोन्हीकडे हसू आलं. तो स्वतःची टर उडवतो, बाहेरचेही त्याची टर उडवतात आणि आपण नक्की कुठल्या बाकावर बसलो आहोत ते कळेनासं होतं. लिहिणाऱ्याने महिपतला फार बारकाईने पाहिलंय. पण पाहिलंय ते समोरून.

हलगीवाला पोरगा

आता आतून पाहिलेलं बघा. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. 14 फेब्रुवारी 2014 ला थिएटरात आला. व्हॅलेंटाईन डेला! नाव कैकाडी भाषेतलं, अर्थ डुक्कर. शाळेत जाणारा जब्या, त्याची वर्गातली शालू आणि गावात डुकरं पकडायचं काम जब्याच्याच घराच्या माथी. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे मंजुळे स्वतः वडार समाजातले, त्यांनी स्वतःच लिहिला आणि त्यात चंक्याचं कामही स्वतःच केलं. जब्या झालेला सोमनाथ अवघडे त्यांना कुठे सापडला? ऑडिशनला नाही, एका गावात हलगी वाजवताना! त्या पोराला पुढे राष्ट्रीय पुरस्कारात बालकलाकाराचा मान मिळाला.

त्यातला एक प्रसंग बघून मी आधी हसले आणि मग हसायचं थांबले. सगळं घर डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर आता हातात येणार आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा. मग बाकीचेही उभे. डुक्कर आपलं निवांत चालायला लागतं! हा विनोद आहे की नाही? आहेच. पण ज्याने बाहेरून बघितलंय त्याला हा सुचणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याला कळतं त्यालाच इतकं नेमकं हसवता येतं.

शेवटी कुंपणापाशी जमलेली पोरं फिदीफिदी हसत असतात आणि जब्या दगड उचलतो. तो दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. म्हणजे आपल्यावर. ‘डिअर व्हाइट पीपल’चे बरेच भागही असेच संपतात, पात्र वळून थेट कॅमेऱ्यात बघतं. सिमियन आणि मंजुळे कधी एकत्र चहा प्यायले असतील असं वाटत नाही. पण दोघांनाही शेवटी प्रेक्षकाकडेच बघावंसं वाटलं.

‘आपल्या कॉलेजात असलं काही नाही!’

असं ठामपणे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं एवढंच म्हणणं आहे की विनोदी लेखकाला जे लिहायला लाज वाटेल ते आपल्या देशातल्या हॉस्टेलांत खरं घडतं. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली, त्याविरुद्ध बसलेल्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. हे स्किट म्हणून लिहिलं असतं तर परीक्षकांनी ‘अतिशयोक्ती’ म्हणून मार्क कापले असते!

आता घरी या. मुरबाडचं आपलं हॉस्टेल. कोणी कल्याण-ठाण्याहून आलेलं, कोणी नाशिक-जळगावहून, कोणी टोकावडे, धसई, डोळखांब, किन्हवलीच्या आतल्या पाड्यांवरून. कोणी आश्रमशाळेत दहावी केलेलं, कोणी माझ्यासारखं कॉन्व्हेंटवालं. फर्स्ट इयरला आल्या आल्या पहिला प्रश्न काय? ‘सीईटीला किती?’ वरवर बघता मार्कांचा प्रश्न. पण अलॉटमेंटची पीडीएफ तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेली असते. नाव, मेरिट नंबर आणि शेवटच्या रकान्यात सीटचा कोड. पूर्वी लोक आडनाव विचारून अंदाज बांधायचे, आता फाइल डाउनलोड करतात. टेक्नॉलॉजी! एसटीच्या जागेवर आलेल्यांना ‘याला जीएसटी लागलाय’ म्हणायचं आणि टाळ्या द्यायच्या. हा जोक मी पहिल्या आठवड्यात ऐकला. दुसऱ्या आठवड्यात तो ज्याच्यावर होता तोही हसायला शिकला होता. न हसून सांगतो कोणाला?

आणि मग येतं गॅदरिंग. गेल्या दोन वर्षांतली स्किट्स आठवा. एक डॉक्टर, एक इंजिनीअर, एक इंटरव्ह्यू घेणारा साहेब आणि एक ‘गावाकडून आलेला येडा’. साहेब कोण होतो? इंग्लिश फाडणारा. येडा कोण होतो? पाड्यावरून आलेला. ‘अरे, तुला वेगळी अ‍ॅक्टिंग करायलाच नको, तू घरी बोलतोस तसाच बोल!’ लोक कोसळतात हसून. बक्षीसही मिळतं.

इथे माझ्या डोक्यात एक साधं गणित येतं. माझं मराठी ऐकून आमचा अख्खा फ्लोअर हसतो. मी अजून ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’मध्ये अडकते. मेसच्या काकांना एकदा ‘मला थोडी भात द्या’ म्हटलं तर ते महिनाभर ‘भात आली का?’ विचारत होते. म्हणजे भाषेत मी कच्ची. माझी रूममेट टोकावड्याकडची, तिचं इंग्लिश अडखळतं. म्हणजे भाषेत तीही कच्ची. पण माझ्या कच्च्या मराठीचं फळ म्हणून मला दोन्ही वर्षं अँकरिंग मिळालं, ‘किती क्यूट बोलते!’ आणि तिच्या अडखळण्याचं फळ म्हणून तिला कामवालीचा रोल मिळाला. वजाबाकी दोघींच्या मार्कांत सारखीच, मग उत्तर वेगळं कसं? सांगा बरं, एम-थ्रीवाले!

मग विनोद करायचाच नाही का?

करायचा की! जोरात करायचा. नाहीतर इंजिनीअरिंगची चार वर्षं निघायची कशी? माझं भांडण विनोदाशी नाही, त्याच्या दिशेशी आहे. आणि ही काही माझी कॉन्व्हेंटमधून आणलेली आयडिया नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या काय करायचा? राजाची, पाटलाची, कोतवालाची फिरकी घ्यायचा. सत्यशोधकी जलसे आणि नंतर आंबेडकरी जलसे गावोगाव हेच करत फिरले. गाणं, नक्कल, हशा, आणि नेम मात्र वरच्या माळ्यावर. खाली बसलेल्याने वर बसलेल्याला चिमटा काढायचा, हा आपला जुना रिवाज. आपण स्टेजवर तो उलटा करून ठेवलाय.

काहीजण म्हणतील, ‘त्यांनाच तो रोल आवडतो, ते हौसेने करतात.’ करत असतील. स्टेज कोणाला नको असतं? पण जेव्हा दारावर एकच पाटी असते तेव्हा त्या दारातून आत येणाऱ्याला ‘तुला हेच दार आवडतं’ असं म्हणू नये.

आणखी काहीजण म्हणतील, ‘प्रत्येक गोष्टीत जात आणलीच पाहिजे का?’ अहो, मी कुठे आणतेय? ती पीडीएफमधून आधीच आली आहे. मी फक्त ती स्किटमध्ये येताना कुठल्या बाजूने येते ते बघतेय.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. सर, मॅडम, कल्चरल कमिटी आणि आमचे रेक्टर सर, सगळ्यांनी ऐकावी.

एक : आपल्याकडे आधी रोल वाटले जातात आणि मग डायलॉग जुळवले जातात. यंदा उलट करू या. आधी लिहायला बसायचं, मग रोल. आणि लिहायच्या टेबलावर निदान अर्धे जण असे असावेत ज्यांना आजवर फक्त रोल मिळालेत, पेन मिळालेलं नाही.

दोन : स्किटची तालीम पहिल्यांदा बघायला परीक्षक नकोत. ज्याच्यावर जोक आहे त्याच्यासारखाच कोणीतरी समोर बसू दे. त्याला खरंच हसू आलं तर जोक पास, नुसते दात दाखवले तर केटी!

तीन : निदान एक जोक तरी अशा माणसावर हवा जो आपलं टर्म वर्क तपासतो. बघू, हसणं किती जमतं ते. (मॅडम, हे सर्वसाधारण विधान आहे.)

यातून काय होईल? जात जाईल का? छे! स्किटने जात गेली असती तर 1976 मध्येच गेली असती. पण पाड्यावरच्या एखाद्या पोराला चार वर्षांत एकदा तरी अशी संध्याकाळ मिळेल, जिथे सगळं ऑडिटोरियम त्याला नाही, त्याने लिहिलेल्याला हसेल. ‘2 टक्के’ नावाचा कागद कोणाच्या तरी बॅगेत आपल्या हॉस्टेलमध्येही पडलेला असणार. कदाचित तो वहीच्या मागच्या पानावर असेल, फ्लुइड मेकॅनिक्सच्या सम्सच्या खाली. त्याला वर्गणी नको, ट्रेलर नको, फक्त टेबलावर एक खुर्ची हवी.

माझ्या रूममेटकडे अशा गोष्टींचा साठा आहे. आश्रमशाळेतल्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी पोरांना काय काय पाठ करायला लावतात, हे ती सांगते तेव्हा मी गादीवरून खाली पडते हसून. त्यात येडा पोरगा कधीच नसतो, येडा नेहमी साहेब असतो! तिला म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, ‘माझं कोण घेणार?’ कमिटीने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, मी नाही.

नावं द्यायची मुदत अजून आहे. अँकरिंगसाठी यंदा दुसरी कोणी बघा, मी पडदा ओढायला तयार आहे. पटलं तर घ्या. नाही पटलं तर माझ्यावर एक झकास स्किट लिहा, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. फक्त ते कोणी लिहिलं, ते मात्र मी विचारणारच!